आरोग्याची आकडेवारी, रुग्णाची गुप्तता आणि माहितीचा अधिकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा पातळीवरचे पत्रकार, माहिती अधिकाराचे अर्ज करणारे कार्यकर्ते, आणि टेबलाच्या पलीकडे बसलेले आरोग्य खात्यातले लोक, अशा तिन्ही बाजूंकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातला व्यवहार डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. काही ठिकाणी माझं मत आहे, ते मत म्हणूनच वाचावं.

आकड्यात कुणाचं नाव नसतं. मग गुप्ततेचा प्रश्न येतोच कुठे?

आकडा मोठा असेल तर येत नाही. राज्यात वर्षभरात किती क्षयरुग्ण नोंदले गेले हे सांगितल्यानं कुणाच्या घरावर बोट दाखवलं जात नाही. पण आरोग्याची माहिती खालून वर जाते आणि खाली ती फार बारीक असते. सपाट भागातल्या उपकेंद्राखाली साधारण पाच हजार लोकवस्ती येते. हजारी पंधराचा जन्मदर धरला तर वर्षाला पाऊणशे बाळंतपणं. या पाऊणशे जणींमध्ये ‘एचआयव्ही बाधित गरोदर माता : १’ असा रकाना भरला, तर त्या उपकेंद्राच्या हद्दीत तो आकडा म्हणजे नावच झालं. दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी औषधाला कोण जाते, कुणाचं बाळंतपण पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) न करता सिव्हिलला पाठवलं, हे गावात चार जणांना माहीत असतंच. आकडा फक्त त्या चार तुकड्यांना जोडून देतो.

म्हणून नाव झाकलं की काम झालं, हा समज सोडावा. वय, गाव, जात, दाखल झाल्याची तारीख, आजार यांतल्या तीन गोष्टी एकत्र आल्या तरी माणूस सापडतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यानं नावं काढून टाकलेली रुग्णालयीन नोंद संशोधनासाठी दिली होती. लटान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीनं ती मतदारयादीशी ताडून पाहिली आणि थेट राज्याच्या गव्हर्नरची नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढंच तिला पुरलं.

लहान आकडा म्हणजे नेमका किती?

आपल्या माहिती अधिकार कायद्यात असा कोणताही उंबरठा दिलेला नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या सार्वजनिक संकेतस्थळावर जिल्हावार मृत्यूंचा आकडा दहाच्या खाली असेल तर तो दाखवत नाहीत. इंग्लंडमध्ये रुग्णालयीन आकडेवारीत एक ते सात हे आकडे झाकतात आणि उरलेले पाचच्या पटीत नेऊन ठेवतात.

मला विचाराल तर एकच आकडा सगळीकडे लावणं चूक आहे. तालुक्यात डेंग्यूचे तीन रुग्ण सापडले, हे सांगायलाच हवं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि लपवलं तर डासांचाच फायदा. गर्भपात, एचआयव्ही, लैंगिक अत्याचारानंतरची तपासणी, मनोविकार, आत्महत्येचा प्रयत्न यांचं तसं नाही. तिथे गावपातळीवरचा पाच सुद्धा लहानच.

लहान आकडे झाकून तक्ता दिला तर पुरे ना?

तक्ता झाकणाऱ्याला बेरीज-वजाबाकी येत नसेल तर नाही. समजा, एका जिल्ह्याच्या पाच तालुक्यांतल्या एचआयव्ही बाधित गरोदर महिलांचा तक्ता असा आहे : १४, ११, झाकलेला, १७, १२. खाली एकूण ५६ लिहून ठेवलं आहे. चौघांची बेरीज ५४ होते, म्हणजे झाकलेला आकडा २. शाळेतल्या पोरालाही जमेल. अशा वेळी सगळ्यात लहान उरलेला, म्हणजे ११, हाही झाकावा लागतो. मग दोन तालुके मिळून १३ एवढंच कळतं.

दुसरी फट काळाची. एप्रिलमध्ये ‘मार्चअखेर’ची माहिती दिली आणि मे महिन्यात ‘एप्रिलअखेर’ची, की दोन्हींची वजाबाकी म्हणजे एका महिन्याचा आकडा. दोन्ही कागद स्वतंत्रपणे निर्दोष असतात.

तिसरी फट कुणाच्या लक्षात येत नाही. अमुक आश्रमशाळेतल्या ४० मुलींची तपासणी झाली आणि ४० पैकी ४० जणींना लागण निघाली, तर आकडा मोठा आहे, पण प्रत्येकीबद्दलची माहिती बाहेर गेली.

उपाय साधे आहेत आणि त्यांना संगणकतज्ज्ञ लागत नाही. गावाऐवजी तालुका घ्यावा, तालुक्याऐवजी जिल्हा. एका वर्षाऐवजी तीन किंवा पाच वर्षं एकत्र करावीत. वयाचे आकडे न देता गट द्यावेत. जो तपशील प्रश्नाला लागत नाही तो काढून टाकावा.

एनएफएचएसच्या जिल्हा पत्रकात काही ठिकाणी आकड्याऐवजी तारांकन का असतं? तेही गुप्ततेसाठीच का?

नाही, आणि ही गल्लत नेहमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी नमुन्यावर चालते. एखाद्या प्रश्नाला त्या जिल्ह्यात पंचवीसपेक्षा कमी जणांचा नमुना मिळाला, तर टक्केवारी विश्वासार्ह धरत नाहीत आणि तारांकन टाकतात. पंचवीस ते एकोणपन्नास असेल तर आकडा कंसात देतात. हा संख्याशास्त्राचा सावधपणा आहे. अधिकाऱ्यानं ‘एनएफएचएससुद्धा लहान आकडे लपवतं’ असं सांगितलं तर त्याला हा फरक दाखवून द्यावा. पीएचसीच्या मासिक अहवालात नमुना नसतो, तिथे प्रत्यक्ष मोजदाद असते.

जन माहिती अधिकाऱ्यांनी ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज फेटाळला. बरोबर आहे का?

तुम्ही काय मागितलं होतं त्यावर अवलंबून आहे. कुणाचा केसपेपर मागितला असेल तर फेटाळणं बहुधा बरोबर. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१९ मध्ये, सरन्यायाधीशांच्या कार्यालयाला माहिती अधिकार लागू होतो हे सांगणाऱ्या निकालातच, वैद्यकीय नोंदी, उपचार, औषधांची निवड, कुठल्या डॉक्टरकडे गेलो हे सगळं वैयक्तिक माहितीत मोडतं असं नोंदवलं आहे. त्याआधी २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होताच.

पण तुम्ही ‘या रुग्णालयात तीन वर्षांत किती सिझेरियन झाली’ असं विचारलं असेल आणि त्यालाही कलम ८(१)(ञ), म्हणजे बोलण्यातलं ‘आठ एक जे’, लावलं असेल, तर ते कलम चुकीच्या जागी चिकटवलं आहे. सिझेरियनची संख्या रुग्णालयाच्या कामाची माहिती आहे. गुप्तता रुग्णाची असते, खात्याची नसते. या पानावरची बाकीची सगळी उत्तरं याच एका वाक्यातून निघतात.

कागदात दोन्ही मिसळलेलं असेल तर कलम १० आहे. झाकण्याजोगा भाग झाकायचा आणि उरलेला द्यायचा. पूर्ण कागद नाकारायला ‘त्यात नावं आहेत’ हे कारण चालत नाही. आणि अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) नुसार अधिकाऱ्यावर असते, तुमच्यावर नाही.

२०२५ मध्ये हे कलम बदललं म्हणतात. आता काय परिस्थिती आहे?

बदललं, आणि बदल किरकोळ नाही. पूर्वीच्या ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारायला अट होती : तिचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसला पाहिजे, किंवा ती दिल्यानं खासगीपणावर विनाकारण अतिक्रमण होत असलं पाहिजे. शिवाय खाली एक परंतुक होतं, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) नं हे सगळं काढून ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमांबरोबर हा बदल अमलात आला.

दोन गोष्टी मात्र शिल्लक आहेत. कलम ८(२) तसंच आहे. माहिती उघड करण्यातलं जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर अपवादात बसणारी माहितीही देता येते. आणि ज्या आकड्यातून माणूस ओळखू येत नाही तो नव्या कायद्याच्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणेही ‘वैयक्तिक डेटा’ नाही. तेव्हा आता अर्जात दोन ओळी आधीच लिहून ठेवाव्यात : नाव-पत्ता-ओळख नको, आणि यात जनहित अमुक अमुक आहे. कलम ६(२) प्रमाणे कारण सांगायची सक्ती नाही हे खरं, पण आता न सांगण्यात शहाणपण नाही.

एखाद्या व्यक्तीचा वैद्यकीय कागद जनहितासाठी कधी उघड झाला आहे का?

झाला आहे, आणि तोही आपल्या मुंबईत. २००६ मध्ये राज्यातले मंत्री सुरूपसिंग नाईक यांना सर्वोच्च न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक महिन्याची कैद झाली. आरा गिरण्यांना न्यायालयाचा आदेश डावलून परवानगी दिल्याचं ते प्रकरण होतं. शिक्षेच्या काळातला बराच वेळ ते जे. जे. रुग्णालयात होते. खरोखर आजारी होते की तुरुंग टाळला, असा प्रश्न लोकांनी विचारला आणि एकानं माहिती अधिकारात त्यांचे वैद्यकीय कागद मागितले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं मार्च २००७ मध्ये सांगितलं, की मेडिकल कौन्सिलचे गुप्ततेचे नियम माहिती अधिकार कायद्यापेक्षा वरचढ नाहीत. शिक्षा भोगणारा किंवा कोठडीतला माणूस सरकारी दवाखान्यात दाखल असेल तर त्या नोंदी साधारणपणे द्याव्यात, अपवाद करायचा तर कारण लेखी नोंदवून.

त्या निकालाचा एक मोठा आधार तेच विधिमंडळाचं परंतुक होतं, जे आता कायद्यात राहिलेलं नाही. उद्या तसाच अर्ज आला तर भिस्त ८(२) वर ठेवावी लागेल.

गर्भपाताची आकडेवारी मागता येते का?

येते, पण इथे पायरी जपून टाकावी.

आधी व्यवस्था समजून घेऊ. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि २००३ चे विनियम यांनी रुग्णालयात एक दाखल नोंदवही ठेवायला सांगितली आहे, फॉर्म तीन. ती नोंदवही ‘गुप्त दस्तऐवज’ आहे असं विनियमात स्पष्ट लिहिलं आहे. दर वर्षी नवा अनुक्रमांक सुरू होतो आणि केसपेपर, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, फेरतपासणीचं कार्ड या सगळ्यांवर बाईचं नाव न लिहिता तो क्रमांक आणि वर्ष एवढंच लिहायचं असतं. ही योजना फार विचारानं केलेली आहे : नाव एकाच वहीत, ती वही कुलपात, बाकी सगळीकडे क्रमांक. प्रत्यक्षात किती ठिकाणी थिएटरच्या रजिस्टरमध्ये सरळ पूर्ण नाव लिहिलेलं सापडतं, हे ज्यांनी तपासणी केली आहे त्यांना विचारा.

२०२१ च्या दुरुस्तीनं कलम ५-क घातलं. कायद्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही डॉक्टरनं नाव-तपशील सांगितला तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढे जाऊन म्हटलं, की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिनं आणि पालकांनी विनंती केली, तर पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवताना डॉक्टरनं तिची ओळख देण्याची गरज नाही.

आकडे मात्र वेगळ्या वाटेनं जातात. रुग्णालय दरमहा फॉर्म दोनमध्ये एकत्रित तक्ता पाठवतं. त्यात नावं नसतात. जिल्ह्याचा वार्षिक आकडा, बारा आठवड्यांच्या आतले किती आणि नंतरचे किती, हे मागायला हरकत नाही. वीस आठवड्यांनंतरचे, कारणनिहाय, रुग्णालयनिहाय असं मागत गेलात की आकडे एक-दोनवर येतात आणि तिथे नकार मिळाला तर मी अधिकाऱ्याची बाजू घेईन.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. २०१२ नंतर गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमेत महाराष्ट्रात गर्भपाताच्या गोळ्यांवर एवढे छापे पडले की अनेक औषधविक्रेत्यांनी त्या ठेवणंच सोडलं. कायदेशीर गर्भपात करणारे डॉक्टरही बिचकले. ‘अमुक रुग्णालयात जास्त गर्भपात’ एवढाच मथळा छापला तर चौकशी सोनोग्राफी सेंटरची होत नाही, त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईची होते.

ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर खटला झाला होता ना?

दोन झाले. पहिला स्कॉटलंडचा. डम्फ्रीज आणि गॅलोवे भागातल्या लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे आकडे प्रभागनिहाय मागितले गेले. आकडे इतके लहान होते की मुलं ओळखू आली असती. माहिती आयुक्तांनी सुचवलं, की प्रत्येक लहान आकड्यात शून्य, अधिक एक किंवा उणे एक असा बदल करून तक्ता द्यावा. प्रकरण २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि असा बदललेला तक्ता खरोखर निनावी होतो का हे पुन्हा तपासा म्हणून परत पाठवलं गेलं.

दुसरा थेट गर्भपाताचा. इंग्लंडचं आरोग्य खातं २००२ पर्यंत गर्भातल्या व्यंगांमुळे झालेल्या गर्भपातांचे तपशीलवार आकडे छापत असे. मग एका उशिराच्या गर्भपातावरून मोठा गदारोळ झाला आणि २००३ च्या आकड्यांपासून दहापेक्षा लहान आकडे झाकायला सुरुवात झाली. गर्भपातविरोधी संघटनेनं ते मागितले. २०११ मध्ये उच्च न्यायालयानं निकाल दिला, की राष्ट्रीय पातळीवरच्या तक्त्यातून बाहेरच्या माणसाला कुणी ओळखता येत नसेल तर तो वैयक्तिक डेटा नव्हे. खात्याला आकडे द्यावे लागले.

मागणाऱ्याचा हेतू आवडो न आवडो, निकाल मला पटतो. पाच-साडेपाच कोटींच्या देशातला ‘२’ आणि पाच हजारांच्या उपकेंद्रातला ‘२’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे मात्र राज्याचा आकडाही उपकेंद्राचं कारण सांगून नाकारतात.

एचआयव्हीबद्दल वेगळा नियम आहे का?

आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. बाधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय तिची स्थिती सांगता येत नाही, अपवाद मोजके आहेत, आणि नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर त्या सुरक्षित ठेवायचं बंधन आहे. जिल्हावार एकत्रित आकडे मागायला या कायद्यानं आडकाठी नाही. पीएचसीनिहाय मागू नका. गरजही नसते.

गुप्तता पाळूनही आकड्यांनी काही उघड झालंय, असं महाराष्ट्रातलं उदाहरण?

बीड. ऊसतोड कामगार महिलांची गर्भाशयं काढली जात आहेत, ही कुजबुज बरीच वर्षं होती. ऊसतोडीला जोडी जाते, पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, खाड्याचा दंड मुकादम कापून घेतो. डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सर होईल. हे गावोगाव ऐकू येत होतं, पण ऐकीव गोष्टीला सरकार उत्तर देत नाही.

२०१९ मध्ये विधान परिषदेत प्रश्न आला आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आकडा दिला : जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं निघालं, म्हणजे दर सहा जणींमागे एक. त्यानंतर बीडमध्ये जिल्हा शल्य चिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करायची नाही असा आदेश निघाला.

या सगळ्यात सरकारनं एकाही बाईचं नाव छापलं नाही. छापायची गरजच पडली नाही. ज्या महिला पत्रकारांशी बोलल्या त्या स्वतःच्या इच्छेनं बोलल्या. नोंदी खासगी रुग्णालयांच्या होत्या, पण मागितल्यावर खात्याला त्या मोजता आल्या. म्हणजे तीन वर्षं त्या मोजता येण्याजोग्याच होत्या.

मातामृत्यूची चौकशी ‘गोपनीय’ असते. मग आम्हाला काहीच कळायचं नाही का?

हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. राज्यातला मातामृत्यूदर २०१८ ते २०२० च्या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता. तीस हजार वस्तीच्या पीएचसीत वर्षाला साडेचारशे बाळंतपणं धरली, तर असा मृत्यू सहा-सात वर्षांतून एकदा येतो. आकडा नेहमी शून्य किंवा एक. मोजणीचे सगळे नियम लावले तर तो कायम झाकलेलाच राहील.

पण त्या एका मृत्यूची बातमी गावात कुणाला नवी नसते. झाकून राहतं ते दुसरंच : १०८ रुग्णवाहिका किती वाजता बोलावली आणि किती वाजता आली, रक्त होतं का, भूलतज्ज्ञ होते का, कुठून कुठे पाठवलं. चौकशी गोपनीय ठेवण्यामागचं कारण चांगलं आहे. नर्सला फाशी द्यायला निघालेली चौकशी असेल तर नर्स खरं बोलणारच नाही. म्हणून तिचा जबाब मागू नका. मात्र जिल्ह्यातल्या पाच वर्षांच्या मातामृत्यूंमध्ये किती ठिकाणी उशीर घरी झाला, किती ठिकाणी वाहनामुळे आणि किती ठिकाणी दवाखान्यात, हा तक्ता द्यायला कुणाचीही गुप्तता आड येत नाही. खुद्द या चौकशीची पद्धतच उशिराच्या या तीन टप्प्यांवर बेतलेली आहे, त्यामुळे तो तक्ता खात्याकडे असतो किंवा असायला हवा.

कोविडमध्ये सरकारनं जास्त लपवलं की जास्त उघड केलं?

दोन्ही, आणि उलट जागी. २०२० च्या उन्हाळ्यात पॉझिटिव्ह रुग्णांच्या नाव-पत्त्यासह याद्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होत्या. बंगळुरूत तर परदेशातून आलेल्या लोकांचे पत्ते सरकारनंच प्रसिद्ध केले. घरांवर पोस्टर लावली गेली. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की सक्षम प्राधिकाऱ्यानं आपत्ती कायद्याखाली खास आदेश दिल्याशिवाय ती लावू नयेत. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्याच वेळी जे उघड व्हायला हवं होतं, म्हणजे मृत्यूचे आकडे, ते मागे राहिले. जून २०२० मध्ये महाराष्ट्रानं नोंदींची फेरजुळणी केली आणि एकाच दिवशी १,३२८ जुने मृत्यू यादीत घातले. त्यांतले ८६२ मुंबईचे. घातले हे चांगलंच केलं, बऱ्याच राज्यांनी तेवढंही केलं नाही.

इथे एक जुना नियम उलटून लोकांच्या अंगावर आला. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहीत नाहीत. मृत माणसाचीही अब्रू असते, या भावनेचा तो नियम. पण पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीसाठी नातेवाइकांना नेमकं तेच कारण कागदावर हवं होतं. न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रानं त्यासाठी वेगळा दाखला काढला. २०२३ च्या दुरुस्तीनंतर डॉक्टरनं मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे.

स्वतःचा किंवा घरच्यांचा कागद मागायचा असेल तर?

स्वतःच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. त्यासाठी माहिती अधिकारही लागत नाही. नवऱ्याला बायकोच्या गर्भपाताची नोंद मिळत नाही. सज्ञान बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते.

‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. काय करावं?

हे उत्तर गुप्ततेच्या उत्तरापेक्षा जास्त वेळा येतं, आणि कायद्यात त्याला जागा आहे. नसलेला तक्ता तयार करून देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. म्हणून तक्ता मागू नका, असलेला कागद मागा. एचएमआयएसचा (आरोग्य खात्याच्या माहिती प्रणालीचा) मासिक अहवाल, फॉर्म दोन, बालमृत्यू अन्वेषणाचा जिल्हा गोषवारा अशी त्या कागदाची खात्यातली नावं वापरा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. साधारण असा मजकूर चालतो :

‘विषय : जिल्ह्यातील रुग्णालयांतील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया. कालावधी : १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५. तपशील : आपल्या कार्यालयास प्राप्त मासिक अहवालांतील या शस्त्रक्रियांची रुग्णालयनिहाय व वर्षनिहाय संख्या, तसेच ३५ वर्षांखालील व त्यावरील अशी विभागणी उपलब्ध असल्यास ती. कोणत्याही रुग्णाचे नाव, पत्ता अथवा ओळख पटेल असा तपशील नको. एखाद्या अहवालात तो असल्यास कलम १० नुसार वगळून प्रत द्यावी. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा बसण्यासाठी माहिती जनहिताची आहे, कलम ८(२) विचारात घ्यावे.’

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, तेही तीस दिवसांत. दुसरं अपील नव्वद दिवसांत माहिती आयोगाच्या आपल्या खंडपीठाकडे. आयोगात तारीख लागायला फार वेळ लागतो, हे गृहीत धरून प्रथम अपिलाच्या सुनावणीलाच जोर लावा. स्वतः हजर राहा.

मी पीएचसीत जन माहिती अधिकारी आहे. कागद झाकून द्यायचे म्हणजे नेमकं कसं?

काळ्या स्केचपेननं नाव खोडून तोच कागद देऊ नका. उजेडासमोर धरला की वाचता येतं. नावाच्या रकान्यावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढा आणि ती झेरॉक्स द्या. बाजूच्या रकान्यातला मोबाईल नंबर, आधार, आणि ‘पत्नी अमुक’ हेही पाहा. एक्सेलमध्ये कॉलम नुसता लपवून फाईल पाठवली तर समोरचा दोन क्लिकमध्ये उघडतो. कॉलम पुसून टाकावा लागतो. पीडीएफवर काळा चौकोन ओढला तरी खालची अक्षरं कॉपी होतात, म्हणून छापून पुन्हा स्कॅन करा. शेरा लिहा : कुठला भाग, कुठल्या कलमाखाली वगळला. आणि अर्जदार तुमच्याच गावचा आहे, रजिस्टर ‘बघायला’ मागतोय, तर रजिस्टर हातात देऊ नका. पाहणीचा हक्क त्याला आहे, पण झाकलेल्या प्रतीची पाहणीही पाहणीच असते.

आकडे हातात आले. छापताना काय पाहावं?

आकडा कुठल्या लोकसंख्येचा ते बघा. पाचपेक्षा लहान आकडा गावाच्या नावासह छापू नका, खात्यानं चुकून दिला असला तरी. ‘वाढ झाली’ म्हणण्याआधी नोंदणी वाढली का ते विचारा. खासगी डॉक्टरांना क्षयरोग कळवणं २०१२ मध्ये बंधनकारक झालं आणि त्यानंतर रुग्णांचे आकडे वाढले, त्याचा अर्थ रोग फोफावला असा नव्हता. चांगलं नोंदवणारा तालुका नेहमी वाईट दिसतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावांत स्वतः जन्म-मृत्यू मोजले तेव्हा बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त निघाले होते. ज्या पीएचसीचा आकडा सलग तीन वर्षं शून्य आहे, तिथे आधी फोन करा.